पूर्ण मजला विकणे आहे

मुंबईकराला ‘लॉफ्ट’ म्हटले की स्वयंपाकघराच्या दारावरची अडीच फुटी फळी आठवते. गणपतीचे मखर, पितळेची पातेली, पाहुण्यांच्या गाद्या आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेली खोकी, असे सगळे त्या लॉफ्टवर चढवलेले असते. न्यूयॉर्कच्या घरविक्रीच्या जाहिरातींत हाच शब्द वेगळ्याच ऐटीत येतो. सोहो भागात पूर्ण मजल्याचा लॉफ्ट, बारा-तेरा फूट उंच छत, मूळचे बिडाचे खांब, लिफ्ट थेट घरात उघडणार. किंमत वाचताना मात्र शून्ये दोनदा मोजावी लागतात.

मंडळी, ह्या जाहिराती आपल्याकडेही हल्ली मन लावून वाचल्या जाऊ लागल्या आहेत. तीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीत किंवा लाँग आयलंडवर चार बेडरूमचे घर घेतलेली पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. मुले कॉलेजला गेली ती परत आली नाहीत. गवत कापायचा, बर्फ उपसायचा कंटाळा आला. मग मनात येते, घर विकावे आणि शहरात जावे. नाटक, संगीत, चांगली इस्पितळे, सगळे जवळ, गाडी नको. विचारात वावगे काही नाही. पण आयुष्याची बचत एका मजल्यात घालायची तर आपण नेमके काय विकत घेत आहोत हे कळायला हवे. लॉफ्टच्या बाबतीत ते उंच छत आणि मोठ्या खिडक्या पाहून कळत नाही. तिथे आपण एका दीडशे वर्षांच्या इमारतीचा पाचवा-सहावा हिस्सा घेतो आणि त्या इमारतीच्या कागदपत्रांचा इतिहासही पदरात घेतो.

कारखान्याचे घर झाले कसे

सोहो म्हणजे साउथ ऑफ हाउस्टन. (ह्या रस्त्याचा उच्चार ‘हाउस्टन’ असा आहे. ‘ह्यूस्टन’ म्हटले की इस्टेट एजंट ओळखतो, माणूस नवखा आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे कापडाची गुदामे, दुकाने आणि कारखाने उभे राहिले. त्यांचे दर्शनी भाग बिडाचे, म्हणजे आपला धिरड्याचा तवा ज्या ओतीव लोखंडाचा असतो त्याचेच. खांब, कमानी, कंगोरे फाउंड्रीत ओतायचे, जागेवर आणून बोल्टने जोडायचे आणि वर रंग द्यायचा. लांबून दगडी काम वाटते. खात्री करायची तर लोहचुंबक लावून पाहावा; ह्या इमारती वाचवण्यासाठी झटलेल्या मार्गो गेल लोकांना तसेच करायला सांगत. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या हॉवट इमारतीत १८५७ साली ओटिसने माणसांसाठी लिफ्ट बसवली, तिच्यामुळे ही इमारत लिफ्टच्या इतिहासात कायमची नोंदली गेली. बिडाच्या बांधकामाचा आपला नमुना मुंबईत काळा घोड्याजवळ आहे, वॉटसन हॉटेल. त्याचा सांगाडा इंग्लंडहून सुट्या भागांत आणून १८६० च्या दशकात जोडला. देखभालीअभावी २००५ साली त्याचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली ती इमारत रिकामी करून घ्यावी लागली. बीड टिकते, पण रंग उडून सांध्यांतून पाणी शिरू लागले की आतून गंजते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पैशांच्या हिशेबात तो येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने हळूहळू बाहेर गेले. अग्निशामक दलाचे लोक ह्या भागाला ‘नरकाचे शंभर एकर’ म्हणत, इतक्या आगी लागत. रॉबर्ट मोझेस ह्यांना इथून हमरस्ता न्यायचा होता. जेन जेकब्स आणि रहिवाशांच्या विरोधामुळे १९६९ साली तो बेत गुंडाळला गेला. रिकाम्या मजल्यांवर तोवर चित्रकार आणि शिल्पकार येऊन राहिले होते. त्यांना उजेड आणि जागा हवी होती, मालकांना भाडे. जॉर्ज मॅच्युनस ह्यांनी १९६७ साली ८० वूस्टर स्ट्रीट ही इमारत घेऊन कलावंतांची को-ऑप काढली. शिल्पकार डोनल्ड जड ह्यांनी १९६८ साली १०१ स्प्रिंग स्ट्रीटची पाच मजली इमारत ६८,००० डॉलरला घेतली. एक मजला नव्हे, अख्खी इमारत! हे वाचून हळहळू नका. तेव्हा तिथे राहणे कायद्याने गुन्हा होता, हीटिंग बंद पडायचे आणि इन्स्पेक्टर आला की गादी लपवावी लागायची.

इथे राहायचा हक्क कुणाला?

आता महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. १९७१ साली शहराने ह्या कलावंतांचे राहणे कायदेशीर केले, पण ते एका अटीवर. मजला ‘राहणे आणि काम’ ह्या दोन्हींसाठी असेल आणि घरातली निदान एक व्यक्ती शहराच्या सांस्कृतिक खात्याने प्रमाणित केलेली कलावंत असेल. कारखान्यांचा झोन तसाच राहिला. पुढे १९७३ साली सोहोचा कास्ट आयर्न भाग ऐतिहासिक परिसर म्हणून जाहीर झाला, गॅलऱ्या आल्या, मग उंची दुकाने आली, मग बँकर आणि वकील राहायला आले. कलावंताची अट कागदावर तशीच राहिली. कित्येक वर्षे तिच्याकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. खरेदीदाराकडून ‘ही अट मला ठाऊक आहे, जबाबदारी माझी’ असे पत्र घ्यायचे आणि व्यवहार पुरा करायचा, असा अनेक इमारतींत शिरस्ता पडला.

डिसेंबर २०२१ मध्ये शहराने सोहो आणि शेजारच्या नोहोचे झोनिंग बदलले. आता अशा कलावंतांच्या मजल्याचे रूपांतर साध्या निवासी घरात करता येते. पण त्यासाठी कलानिधीत एकदाच, परत न मिळणारी रक्कम भरायची आहे. सुरुवातीचा दर ठरला चौरस फुटाला १०० डॉलर. मजला २,५०० चौरस फुटांचा असेल तर हा आकडा अडीच लाख डॉलर होतो! ह्या रकमेवरून न्यायालयात खटलेही झाले. तेव्हा घर आवडले की पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ह्या मजल्याचा कायदेशीर वापर आज काय आहे, रूपांतर झाले आहे का, झाले नसेल तर ती रक्कम कोण भरणार, विक्रेता की मी? ह्याचे उत्तर एजंटकडून तोंडी घेऊ नका. ‘इथे सगळे असेच राहतात, कुणी विचारत नाही’ हे खरेही असेल. पण दहा वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरच्याचा वकील विचारील आणि किंमत तुमची कमी होईल.

दुसरा कागद सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी. आपल्याकडचे भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘ओसी’ म्हणतात, तेच हे. शहराच्या बिल्डिंग्ज खात्याच्या संकेतस्थळावर पत्ता घातला की फुकट पाहता येते. त्यात मजल्यागणिक वापर लिहिलेला असतो. तिसऱ्या मजल्यापुढे ‘कारखाना’ असे लिहिले असेल आणि तुम्हाला तिथे पलंग, पाळणा आणि चकचकीत स्वयंपाकघर दाखवत असतील, तर तिथेच थांबा. वरळीच्या कॅम्पाकोला वसाहतीत मंजुरी नसलेल्या मजल्यांवर पंचवीस-तीस वर्षे राहिलेल्या कुटुंबांचे २०१४ साली काय झाले ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिले. इथे गोष्ट त्या थराला जाईलच असे नाही, परंतु बँक कर्ज देताना आणि विमा कंपनी दावा चुकता करताना हाच कागद काढते.

काही जुन्या इमारती १९८२ च्या लॉफ्ट कायद्याखाली येतात. कारखान्याच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्यांना त्या कायद्याने संरक्षण दिले. अशी इमारत लॉफ्ट बोर्डाकडे नोंदलेली असते आणि निवासी नियमांप्रमाणे ती सुधारून घेण्याची जबाबदारी मालकावर, को-ऑप असेल तर तुम्हा सभासदांवर असते. खालच्या मजल्यावर असा भाडेकरू आहे का, हे विचारायला लाजू नये.

सोसायटी, पण सहा जणांची

सोहोतले बरेचसे लॉफ्ट को-ऑपमध्ये आहेत आणि को-ऑप म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको. दादर-पार्ल्याच्या सहकारी सोसायटीत वाढलेल्यांना शेअर सर्टिफिकेट, मेन्टेनन्स, सेक्रेटरी आणि वार्षिक सभेतली भांडणे तोंडपाठ आहेत. इथेही तुम्ही घर घेत नाही. संस्थेचे शेअर घेता आणि त्या शेअरमुळे तुम्हाला मजल्याचे प्रोप्रायटरी लीज मिळते. फरक आहे तो अधिकारात. महाराष्ट्रात सोसायटीला सभासदत्व नाकारायला सबळ कारण द्यावे लागते, आणि महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. न्यूयॉर्कच्या को-ऑपचे बोर्ड मुलाखत घेते, दोन-तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स आणि बँकेची स्टेटमेंट्स मागते आणि नकार देताना कारण सांगण्याची तिथे पद्धत नाही. वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून नाकारणे बेकायदेशीर आहे, पण मुळात कारणच सांगितले नाही तर सिद्ध काय करणार? ‘फ्लिप टॅक्स’ म्हणून विक्रीच्या वेळी बरीच को-ऑप किमतीचा काही टक्के हिस्सा घेतात, बहुधा विक्रेत्याकडून. आज तो तुम्हाला पडणार नाही, विकताना पडेल.

खरी गंमत सभासदांच्या संख्येत आहे. पूर्ण मजल्याचा लॉफ्ट म्हणजे मजल्याला एक घर, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीत पाच-सहाच सभासद. जाहिरातीत ह्याला ‘निवांत, खाजगी’ म्हणतात. हिशेब करून पाहू. समजा बिडाच्या दर्शनी भागाची दुरुस्ती सहा लाख डॉलरची निघाली. सहा घरांत वाटली तर तुमच्या वाट्याला एक लाख. हेच १२० घरांच्या उंच इमारतीत निघाले असते तर घरटी पाच हजार. छप्पर, लिफ्ट, बॉयलर, फुटपाथ ह्या सगळ्यांना हेच गणित लागू आहे. शिवाय ही दुरुस्ती मनास येईल तशी करता येत नाही. ऐतिहासिक परिसरात बाहेरून दिसणारे काहीही बदलायचे तर लँडमार्क्स प्रिझर्वेशन कमिशनची परवानगी लागते. खिडकी बदलायची तरी नवी खिडकी जुन्या घाटाचीच हवी. आठ-नऊ फुटी खिडक्या असल्या की हा खर्च किरकोळ नसतो. सहा सभासदांपैकी दोघांकडे पैसे नसले तर दुरुस्ती लांबते, आणि लांबली की गंज वाढतो. म्हणून राखीव निधी किती आहे, इमारतीवर स्वतःचे कर्ज किती आहे आणि गेल्या पाच वर्षांत जादा वर्गणी किती वेळा काढली, हे आकडे घराच्या किमतीइतकेच महत्त्वाचे मानावेत.

तळमजल्यावरच्या दुकानाचे एक निराळेच प्रकरण आहे. सोहोत ते दुकान को-ऑपच्या मालकीचे असेल तर त्याचे भाडे भरघोस येते आणि सभासदांचा मेन्टेनन्स आश्चर्य वाटावे इतका कमी असतो. पूर्वी को-ऑपच्या उत्पन्नापैकी ८० टक्के सभासदांकडूनच आले नाही तर करसवलत जात असे. २००७ साली काँग्रेसने आणखी दोन पर्यायी कसोट्या दिल्यामुळे ती अडचण बरीच दूर झाली. दुसरी अडचण मात्र कायद्याने दूर होत नाही. दुकान रिकामे झाले तर? २०२० साली टाळेबंदीत सोहोच्या दुकानांना फळ्या ठोकलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. तेव्हा कमी मेन्टेनन्स पाहून खूष होण्याआधी दुकानाचा भाडेकरार कधी संपतो ते विचारा.

आणखी एक, खास आपल्यासाठी. पाहुण्यांच्या मुक्कामावर काही लीजमध्ये मर्यादा घातलेली असते. आपल्याकडे आई-वडील किंवा सासू-सासरे आले की सहा महिने राहतात, नातवंडाच्या वेळी तर हमखास. ह्या विषयाचे कलम वकिलाकडून वाचून घ्यावे. घर भाड्याने देण्यावरही बंधने असतात; दोन वर्षे पुण्याला जाऊन राहू आणि लॉफ्ट भाड्याने देऊ, असा मनसुबा असेल तर तो आधी तपासा.

खिडक्या दोनच बाजूंना

सोहोतले प्लॉट साधारण २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब. पूर्ण मजला म्हणजे आगगाडीच्या डब्यासारखी लांबट खोली. उजेड पुढून आणि मागून, मधे अंधार. तीन बेडरूम हव्यात म्हणून कुणीतरी मधे भिंती घालतो आणि त्या खोलीला जाहिरातीत ‘होम ऑफिस’ किंवा ‘मीडिया रूम’ असे नाव येते. हे नाव वाचले की समजावे, खिडकी नाही. न्यूयॉर्कच्या नियमांप्रमाणे झोपायच्या खोलीला बाहेर उघडणारी कायदेशीर खिडकी लागते. बाजूच्या भिंतीत खिडक्या असल्या तरी त्या प्लॉटच्या हद्दीवर आहेत का पाहा. शेजाऱ्याने मजले चढवले तर त्या बुजवाव्या लागतात, आणि तेव्हा नदीच्या देखाव्याचे मोजलेले पैसे कुणी परत देत नाही.

क्षेत्रफळाविषयीही सावध असावे. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप ह्या त्रिकुटाने आपल्या देशात दोन पिढ्यांना फसवले. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटवर बोट ठेवले तेव्हा कुठे थोडी शिस्त आली. इथे को-ऑपच्या कागदांत बहुधा चौरस फूट नसतातच, शेअरची संख्या असते. जाहिरातीतला आकडा एजंटचा, आणि त्यात जाडजूड बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्टची विहीर हे सगळे धरलेले असू शकते. पंचवीस-पन्नास डॉलरची टेप घेऊन स्वतः मोजा, किंवा आर्किटेक्टला बोलवा.

तब्येतीच्या बाजूने

आरोग्याच्या पानाला शोभेल असा पहिला मुद्दा शिशाचा. न्यूयॉर्क शहराने घरातल्या रंगात शिसे वापरायला १९६० साली बंदी घातली, देशभर ती १९७८ साली आली. एकोणिसाव्या शतकातल्या इमारतीत रंगाचे कितीतरी थर असतात आणि खालचे थर शिशाचे असण्याचा संभव मोठा. रंग शाबूत आहे तोवर फारसे बिघडत नाही. भिंत घासली, खिडकी ओढली, जुने छत पाडले की धूळ उडते आणि रांगणारे मूल तीच धूळ बोटांनी तोंडात घालते. सहा वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूवर ह्याचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. २०२१ पासून सीडीसीने मुलांच्या रक्तातली शिशाची दखलपात्र पातळी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम अशी धरली आहे. आपण निवृत्त असलो तरी नातवंडे येणार आहेत, ती जमिनीवरच खेळणार आहेत. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला परदेशातून सुट्या आणलेल्या काही मसाल्यांत आणि सिंदुरातही शिसे सापडले आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. दोन्हीकडून भर नको.

विक्रेत्याला १९९६ पासून शिशाविषयी माहिती असेल ती लेखी द्यावी लागते आणि खरेदीदाराला तपासणीसाठी दहा दिवस मागता येतात. अनेकजण घाईत हा हक्क सोडून देतात. सोडू नये. नूतनीकरण करणारा कंत्राटदार शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेलाच घ्यावा. अ‍ॅस्बेस्टॉसची गोष्टही तशीच. जुन्या वाफेच्या पायपांभोवती ते गुंडाळलेले असते आणि शहराची बांधकाम परवानगी मिळण्याआधी प्रमाणित तपासनिसाचा अहवाल लागतो. ह्या दोन तपासण्यांचा खर्च नूतनीकरणाच्या बजेटात आधीच धरा.

गुडघ्यांचाही विचार हवा. पुष्कळ इमारतींच्या दारात माल चढवायचे जुने लोखंडी ओटे आहेत, म्हणजे रस्त्यापासूनच चार-पाच पायऱ्या. लिफ्ट कधी मूळची मालवाहू असते आणि लहान इमारतीत ती एकच असते. ती दोन महिने दुरुस्तीला गेली तर पाचव्या मजल्यावर चढून जाणे आपल्याला सत्तरीत जमेल का? मजल्यामजल्यांत लाकडी तुळया असल्या तर वरच्या घरातली खुर्ची सरकली तरी आवाज खाली येतो. घर पाहायला एकदा रविवारी सकाळी जा आणि एकदा कामाच्या दिवशी, ट्रक माल उतरवत असताना.

आणि फोडणी! मोकळ्या मजल्यात स्वयंपाकघराला दार नसते. मोहरी-हिंगाचा, सुक्या मिरचीचा धूर शंभर फूट लांबवर पोचतो आणि गादीत मुरतो. धूर बाहेर टाकायचा तर दर्शनी किंवा मागच्या भिंतीला भोक पाडायला लँडमार्क्सची आणि बोर्डाची परवानगी हवी, नाहीतर धुराडे वरच्या शेजाऱ्यांच्या मजल्यांतून छपरावर न्यायचे. बऱ्याच ठिकाणी शेगडीवर नुसता कोळशाचा फिल्टर असलेला पंखा असतो, तो तीच हवा परत खोलीत सोडतो. ज्यांना दमा आहे त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. घर बघताना शेगडीवरचा पंखा सुरू करून हवा कुठे जाते ते पाहा.

आकडेमोड

न्यूयॉर्कमध्ये दहा लाख डॉलर वा त्याहून महाग घर घेतले की खरेदीदाराला ‘मॅन्शन टॅक्स’ पडतो. १९८९ पासून तो सरसकट एक टक्का होता. २०१९ पासून न्यूयॉर्क शहरात तो किमतीप्रमाणे चढत ३.९ टक्क्यांपर्यंत जातो. वीस लाखांपासून तीस लाखांच्या आतल्या घराला १.२५ टक्के, तीस लाखांपासून पन्नास लाखांच्या आत १.५ टक्के. आणि तो वरच्या तुकड्यावर नाही, सगळ्या किमतीवर लागतो. त्यामुळे २९,९९,९९९ डॉलरला ३७,५०० आणि ३०,००,००० डॉलरला ४५,०००. एका डॉलरसाठी साडेसात हजार! घासाघीस करताना ही सीमारेषा मनात ठेवावी.

कोंडो असेल आणि कर्ज काढणार असाल तर मॉर्गेज रेकॉर्डिंग टॅक्स लागतो. पाच लाख वा अधिक कर्जावर खरेदीदाराचा वाटा १.९२५ टक्के, म्हणजे पंधरा लाखांच्या कर्जावर २८,८७५ डॉलर. को-ऑपमध्ये तुम्ही स्थावर मालमत्ता घेत नसून शेअर घेता, म्हणून हा कर नाही आणि टायटल इन्शुरन्सही सहसा लागत नाही. कोंडो महाग का पडतो, त्याचे हे एक कारण. उलट कोंडोत बोर्डाची मुलाखत नाही आणि भाड्याने द्यायला मोकळीक जास्त. मॉर्गेजच्या व्याजाची वजावट २०१७ च्या कायद्यापासून साडेसात लाख डॉलरच्या कर्जापर्यंतच मिळते, हे विसरून पुष्कळजण जुन्या हिशेबाने चालतात. न्यू जर्सीचे राहते घर विकून झालेल्या नफ्यापैकी जोडप्याला पाच लाखांपर्यंत फेडरल कर माफ असतो, मागच्या पाच वर्षांत दोन वर्षे तिथे राहिलेले असले तर.

पुण्याचा फ्लॅट विकून पैसे आणायचे असतील तर वेळ हाताशी ठेवा. एनआरओ खात्यातून कर भरल्यावर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. भारतात राहणारे आई-वडील देणगी म्हणून पाठवत असतील तर त्यांना दरडोई वर्षाला अडीच लाखांची मर्यादा आहे. आणि परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर देणगी आली तर आयआरएसला फॉर्म ३५२० भरून कळवावे लागते. कर लागत नाही, पण कळवले नाही तर दंड जबर आहे. को-ऑपच्या बोर्डाला पैसा कुठून आला हे दाखवावे लागते, म्हणून ही रक्कम मुलाखतीच्या बऱ्याच आधी इथल्या खात्यात येऊन बसलेली बरी.

न्यूयॉर्कची पद्धत अशी की विक्रेत्याने तुमची ऑफर मान्य केली तरी करारावर दोघांच्या सह्या होईपर्यंत कुणीच बांधलेला नसतो. सही करताना साधारण दहा टक्के रक्कम द्यावी लागते; तीस लाखांच्या घराला तीन लाख. मागे फिरलात तर ती जाऊ शकते. म्हणून सगळी तपासणी सहीच्या आधी, त्या आठवड्या-दोन आठवड्यांत करायची असते. चांगला वकील त्या काळात को-ऑपच्या ऑफिसात बसून गेल्या दोन-तीन वर्षांची बोर्डाच्या सभांची इतिवृत्ते वाचतो. त्याला सांगा की नुसते ‘ठीक आहे’ नको. छप्पर, गळती, दर्शनी भाग, लिफ्ट, दुकानाचे भाडे आणि कलावंताची अट ह्यांच्याविषयी जे जे लिहिले असेल ते तारखेनिशी उतरवून आणा आणि ते वाचल्याशिवाय चेकवर सही करू नका.